आमच्या मंडळीनंच केलंय

आमच्या चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांनी भाषांतरासाठी मला बोलावलं, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. परदेशातल्या एका मंडळीचे दोन पाहुणे, एक बाई आणि एक पाळक म्हणजे धर्मगुरू, दौंडला आमच्या चर्चमध्ये येणार होते. दोन्ही मंडळ्यांनी मिळून पुढची काही वर्षं काय करायचं, एकमेकांना काय द्यायचं, ते दिवसभर बसून ठरवायचं होतं. मी तेव्हा शिरूरला खोली घेऊन राहत होते आणि रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होते. तिथं बाहेरचे इंजिनिअर यायचे, त्यांच्याशी बोलून बोलून माझं इंग्रजी सुटलं होतं. साहेबांचा निरोप आला तेव्हा मी इतक्या पटकन हो म्हटलं की निरोप आणणाऱ्यालाच नवल वाटलं.

या माणसाला कुठंतरी गाठायचं, हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

आमचं घर रेल्वे कॉलनीत. आई चर्चसाठी मूठ गोळा करायची. घरच्या बाईनं स्वयंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ देवाची म्हणून वेगळी ठेवायची, ती ही मूठ. दर शनिवारी आई डबा घेऊन कॉलनीतली घरं फिरायची, अधूनमधून एसटीनं मांडवगण फराट्यापर्यंत जायची. हंगामाच्या सणाला ते सगळं धान्य वेदीपुढं ओतायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. एका वर्षी पाऊस पडला नाही, ढीग लहान झाला. साहेब सूचना वाचायला उभे राहिले आणि माईकवरून म्हणाले, "घरातून निघताना मूठ मोठी असते, इथं येईपर्यंत लहान होते. मध्ये कुठं जाते, ते ज्याचं त्याला माहीत." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना आमच्या बाकाकडं वळल्या. आईच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. ती हातातलं गीतांचं पुस्तक उघडून उलटंच धरून बसली.

त्याच दुपारी तिनं डबा साहेबांच्या घरी नेऊन दिला. यापुढं मूठ त्यांची बायको गोळा करेल, असं त्यांनी जाहीर केलं. त्या बाई एका घराची पायरी चढल्या नाहीत. बघता बघता मूठ बंद पडली. आई मात्र चर्चला जात राहिली. दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची. घरी तांदूळ काढताना तिचा हात सवयीनं एक मूठ बाजूला ठेवायचा आणि मग ती मूठ परत पातेल्यात टाकायची. ते पाहिलं की साहेबांना पाट्यावर घालून वाटावं असं मला वाटायचं. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे' ही ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचे. देवाला खोटं कशाला सांगा?

बैठक चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होती. सकाळचा विषय होता कारभारीपण, म्हणजे देवानं दिलेलं नीट सांभाळून वापरणं. मांडवगणच्या बायका कारभारी म्हणतात ते नवऱ्याला. त्यातली एक म्हातारी उठून म्हणाली, "आमचे कारभारी काय बी सांभाळीत न्हाईत, तर त्यांचं काय करायचं ते बी लिवून घ्या." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुणी पोट धरून हसली. मी प्रत्येक शब्द खरा सांगते, हे तिला तिथंच पटलं आणि तेच मला हवं होतं.

दुपारी पाहुणी म्हणाली, "तुमच्या सेक्रेटरींनी आम्हाला मुठीबद्दल कळवलं, तेव्हापासून आमच्याही स्वयंपाकघरांत डबे आलेत. तुमच्याकडून आम्हाला हेच हवंय. मूठ जिनं सांभाळली तिला आमच्याकडं पाठवा. ती घरोघर राहील, आम्हाला शिकवेल. कुणी केलं हे काम?"

बंद पडलेली मूठ साहेबांनी परदेशी पाठवायच्या पत्रांत चालू ठेवली होती! मी प्रश्न मराठीत सांगितला. साहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. नवरा-बायको दोघांचे पासपोर्ट त्यांनी आधीच काढून ठेवले होते, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "तसं बघायला गेलं तर आमच्या मंडळीनंच केलंय."

त्यांच्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत, आमची मंडळी म्हणतात. आणि ख्रिस्ती माणसाची मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारे सगळे लोक. ते काय म्हणताहेत हे मला पुरतं कळलं होतं. मी पाहुणीकडं वळले आणि इंग्रजीत सांगितलं, "हे काम आमच्या सगळ्या मंडळीनं केलंय."

शब्दकोश काढून बघा, एक अक्षर चुकलं असेल तर.

पाहुणीनं टाळ्या वाजवल्या. "मग कुणाला पाठवायचं ते मंडळीनंच निवडावं." हे मात्र मी मराठीत अगदी मोठ्यानं, सावकाश सांगितलं. साहेबांना इंग्रजी कळत होतं तेवढं. पण "मी माझ्या बायकोबद्दल बोलत होतो" हे ते कुठल्या तोंडानं म्हणणार? जिच्या दारात त्यांची बायको कधी फिरकली नाही, अशी एकेक बाई समोर बसली होती.

मांडवगणची म्हातारी उठली. "निवडायचं काय त्यात? आमाला मूठ लावली ती त्या मावशींनी. त्या काय, दारापाशी बसल्यात. त्यांच्या हातून डबा काढला आन् समदं बसलं." हात वर झाले, माझ्या डोळ्यांपुढं नुसते हातच हात. मला रडू आलं नाही. मला साहेबांचा चेहरा नीट बघायचा होता.

चहाच्या वेळी ते आईपाशी आले, हात जोडून, आवाज खाली ठेवून. "बाई, झालं गेलं विसरून जा. आपण ख्रिस्ती माणसं. माफ करा."

मला वाटलं, आई आता 'असू द्या' म्हणणार, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या चहात विरघळणार.

आईनं कप खाली ठेवला. "माफ तर मी तवाच केलं, घरी बसून," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलला माईकवर. तवा नाव घेतलं न्हवतं. आता नाव घ्या, आन् माईकवरूनच सांगा."

पाहुणीनं मला विचारलं, काय चाललंय? मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मग साहेबांना माईकपाशी जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी आईचं नाव घेतलं, मग माझ्या वडिलांचं, मग आडनाव. "यांनी मंडळीच्या धान्यातला एक दाणाही..." म्हणाले आणि पुढचं घशातच पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, साहेब," मी म्हणाले. "मला इंग्रजी करायचंय."