जिथे माशी बसत नाही

नाशिकहून निघतानाच माझं डोकं तापलं होतं. एसटीच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, जानेवारीचा वारा थेट कानात, आणि कंडक्टरला सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघतो जणू काच मीच अडकवली. सन २०१७. शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून मी नुकतीच मोकळी झाले होते आणि पहिलाच प्रवास मैत्रिणीकडे ठरवला होता. जव्हारचा घाट उतरला, कासा मागे पडलं, तशी हवा कोमट झाली. डहाणूजवळच्या सरावलीत मैत्रिणीच्या, शोभाच्या दारात उतरले तेव्हा तिने माझ्यापुढे चिकूंनी भरलेली पाटी ठेवली. चार चिकू पोटात गेल्यावर राग निवळला.

दुसऱ्या दिवशी शोभा मला किनाऱ्यावरच्या कोळीवस्तीत घेऊन गेली. वस्तीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी येईल, आणि चौकशी आली की पहिल्यांदा तिथल्या बायकाच धरल्या जातील, हे मला पुरतं ठाऊक आहे. ओहोटीच्या चिखलात माझी चप्पल रुतली, तिचा अंगठा तुटला आणि मी एक पाय अनवाणी टाकत पोचले. समोर वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे उंच मांडव) ओळीने उभ्या. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगलेले, पांढरेशुभ्र, वाऱ्यावर हलणारे. आणि नवल म्हणजे एकही माशी नाही. मी शोभाला म्हटलं, किती स्वच्छता राखतात गं या बायका. शोभा पुढे चालू लागली.

ओळीतली शेवटची वलांडी जमुनाबेनची. ही शोभाची नेहमीची मासेवाली, पन्नाशीची, तोंडाने तुटक. तिच्या बोंबलांवर माश्या घोंघावत होत्या, खाली मांजर टपून बसलेली, बांबूवर कावळा. मी नाक मुरडलं. सवयच ती. झाकून तरी ठेवा, जाळी घाला, असं तिला शिकवायलाही लागले. ती म्हणाली, जाळीत वारा लागत नाही, माल कुजतो. मग मी विचारलं, बाकीच्यांना कसं जमतं?

"ते पावडर मारतात, बाई," ती म्हणाली. "शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळते. माशी बसत नाही, कावळा येत नाही, कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही."

मी त्या पांढऱ्याशुभ्र ओळींकडे पुन्हा पाहिलं. खरंच, खाली एक कुत्रं नव्हतं. कीटकनाशक. बागेत फवारताना तोंडाला फडकं बांधायला सांगतात ते, आणि इथे थेट खायच्या वस्तूवर. धुतलं म्हणून ते सगळं थोडंच जातं? आणि वर हेही कळलं की घरी खायचे बोंबील याच बायका वेगळे, पावडरीशिवाय सुकवतात. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की म्हटलं, लोकांना विष घालता आणि स्वतः शहाण्यासारख्या चांगलं खाता? जमुनाबेनने मला बोलू दिलं. मग सांगितलं, की गेल्या हिवाळ्यापर्यंत तीही मारत होती.

तिची नात रिंकू, सहा-सात वर्षांची, शाळेतून आली की आजीला मदत करायची. पावडर भुरभुरवायला हलका हात लागतो, पोरीला ते छान जमायचं. एके दुपारी त्याच हाताने तिने चिकू खाल्ला. ओकाऱ्या, तोंडातून लाळ, डोळे फिरलेले. डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत आजीच्या मांडीवर ती ओल्या फडक्यागत पडून होती. वाचली. त्या दिवसापासून जमुनाबेनने पावडर घरात येऊ दिली नव्हती. पण घाऊक व्यापारी माशी बसलेला माल घेतच नाही, घेतला तर मातीमोल. म्हणून यंदा सगळा माल ती स्वतः तलासरीच्या आठवडी बाजारात नेणार होती. तिथे खपला तर ठीक, नाही खपला तर पुन्हा पावडर, नाहीतर वलांडी मोडायची. तिसरी वाट तिला दिसत नव्हती.

मी म्हटलं, मीही येते. शोभाने कपाळावर हात मारला.

बाजाराच्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने टोपल्यांचा वास घेतला आणि आम्हाला चढूच दिलं नाही. त्याच्याशी भांडून झालं. मग वस्तीतल्या बायकांनी मिळून केलेल्या टेम्पोत, त्यांच्याच टोपल्यांच्या मधे, पाय पोटाशी घेऊन बसले. चिकूच्या वाड्या आणि ताड मागे पडले, उघडे डोंगर आणि गवताचे भारे दिसू लागले, मग हायवे आणि गुजरातकडे सुटलेले ट्रक. त्या बायकांनी मला वाटेत तांदळाची भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला बोंबील दिला. घरचा. मी मुकाट्याने खाल्ला. चवीला अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू.

बाजारात सगळ्या एका रांगेत बसल्या. पाड्यापाड्यांवरून माणसं आली होती, सुक्या मासळीची बेगमी करायला. बाकीच्यांच्या पाट्या भराभर रिकाम्या होत होत्या. जमुनाबेन निंबाच्या डहाळीने वारा घालत होती, माश्या उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. एक म्हातारा वाकला आणि "माखी बेठी छे" (माशी बसलीय) म्हणून पुढे गेला. मग एक तरुण आई आली, कडेवर मूल. तिने बोंबील हातात घेतला, ठेवला.

"माशी बसलेलं खाऊ नये," ती मला समजावून सांगावं तसं म्हणाली. "हगवण लागते. शाळेत शिकलोय आम्ही."

आणि शेजारच्या पाटीतले पांढरेशुभ्र बोंबील घेऊ लागली, त्या मुलासाठी.

आता मला सांगा, गप्प कसं बसायचं? तिचं एक अक्षर चूक नव्हतं. माशी हगवण आणते, पटकी आणते, विषमज्वर आणते. हे मीच वर्गावर्गातून पोरांकडून घोकून घेतलंय. पण धडा तिथेच संपतो. माशी बसली तर काय होतं, हा प्रश्न दर परीक्षेला असतो. माशी का बसली नाही, हा प्रश्न कुणी कधी काढला नाही. मी उठून उभी राहिले आणि वर्गात ओरडावं तशी ओरडले, की ते घेऊ नका, त्यावर कीटकनाशक आहे, पोराला चारू नका. पावडर कशी मारतात, तेही सगळं सांगून टाकलं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या आईने बोंबील टाकले आणि निघून गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पण जमुनाबेनच्या पाटीकडे कुणीच वळलं नाही. लोकांनी पुरती रांगच सोडली. विषाची पाटी कुठली आणि बिनविषाची कुठली, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? रांगेतल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या नाहीत. त्या जमुनाबेनकडे बघत होत्या. एक एवढंच म्हणाली, की परक्या बाईला घरातलं सांगितलंस होय.

माझा आवाज अजून चढलेलाच होता. मी त्यांनाही बोलले, त्या व्यापाऱ्यालाही, मोकळ्या हाताने पावडर विकणाऱ्या दुकानदारालाही, आणि तपासायला येऊन फक्त वजनकाटे तपासणाऱ्या साहेबांनाही. व्यापारी, दुकानदार, साहेब, तिघंही तिथे नव्हते. ऐकायला होत्या फक्त या बायका.

"बाई, आता बसा," जमुनाबेन म्हणाली. "तुम्ही परवा नाशिकला जाल. मला यांच्या शेजारीच वलांडी बांधायचीय. त्या दुपारी पोरगी आजारी पडली तेव्हा टेम्पो यांनीच काढला होता."

उन्हं कलली तशी ती उठली, रस्त्यापलीकडच्या शेतीच्या औषधांच्या दुकानात गेली आणि पावडरीचा पुडा घेऊन आली. लपवून नाही. सगळ्यांना दिसेल असा हातात धरून आणला आणि न खपलेल्या मालावर ठेवला. बायकांनी सरकून तिला टेम्पोत जागा करून दिली. मला मात्र ड्रायव्हरशेजारी बसवलं.

दोन दिवसांनी मी परत निघाले. एसटी तासभर उशिरा, आणि या खेपेला मी कुणाशीच भांडले नाही. जव्हारचा घाट चढेपर्यंत राग मात्र तसाच होता. व्यापाऱ्याला पांढरा माल हवा, दुकानदाराला गिऱ्हाईक हवं, पुस्तकाला सोपं उत्तर हवं. सगळ्यांना हवं ते मिळतं. जमुनाबेन निरोपाला आली होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, आणि रिंकू? तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं होतं.

"तिला पावडरीला हात लावू देणार नाही. मीच मारीन."