आता काढा

एसटीत समोरच्या बाकावर एक म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती, पदर खांद्यावरून घसरलेला. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ वाकून वाकून तिचे फोटो काढत होता.

मी म्हटलं, "विचारलंत का त्यांना?"

तो हसला. "विचारलं की सहजपणा जातो."

विचारलं तर चोराचंही काम बिघडतंच. या लोकांना दुसऱ्याचा चेहरा हवा असतो, पण तो सावरायची सवड त्याला द्यायची नसते.

तेवढ्यात म्हातारीला जाग आली. कॅमेरा बघून ती रागावली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, मंगळसूत्र दिसेल असं वर काढलं आणि ताठ बसून म्हणाली, "हां, आता काढा."

कलावंतानं भिंगावर झाकण लावलं.

म्हातारी मात्र तिचं गाव येईपर्यंत तशीच ताठ बसून राहिली.