एका ओळीत न मावलेलं नाव

बायकोला नाही, मित्राला नाही, जामसांवलीच्या मारुतीपुढे उभा राहून मनातल्या मनातसुद्धा नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. एका बाईंची बदली मी बिघडवली. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यांच्यावर राग होता म्हणून तर मुळीच नाही. मागं चार माणसं उभी राहून "वा, वा" करत होती आणि मला मध्येच थांबायची लाज वाटली, एवढंच कारण. नंतर चूक कळली तेव्हा ती दुरुस्त करायला फार तर पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सौंसरला एका खाजगी शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी बाबू होतो. संस्थेच्या शाळा पांढुर्णा, तिगाव, रामाकोना अशा करत थेट घाटापलीकडच्या जंगलापर्यंत पसरलेल्या. अध्यक्ष संत्र्याचे व्यापारी. त्यांनी नागपूरला कुणाच्या तरी ऑफिसात कॉम्प्युटर पाहिला आणि त्यांना रात्रंदिवस तोच दिसायला लागला. संत्री घेऊन गेलेला ट्रक रिकामा परत येतो, तर भाडं कशाला वाया घालवायचं, म्हणून कॉम्प्युटर त्याच ट्रकमधून आला. गवतात बांधून. पुढं सहा महिने कीबोर्डच्या फटीतून मी गवताच्या काड्या काढत होतो.

ऑफिसात तीन बाबू. त्यातला नागपूरला जाऊन तीन महिने कॉम्प्युटर शिकून आलेला मी एकटाच. म्हणजे एका रात्रीत मी बाबूचा पुजारी झालो. खोलीत येताना लोक चपला बाहेर काढायचे. मीही काढायला लावायचो. धुळीनं मशीन बिघडतं, असं सांगायचो. खरं कारण असं, की माझ्यासमोर मुख्याध्यापकांनी अनवाणी उभं राहावं, हे मला आवडायला लागलं होतं.

मशीनवर एकच काम जोरात चालायचं, ते म्हणजे याद्या. शिक्षकांच्या दीडशे नावांचा लांबलचक तक्ता. पडद्यावर एका वेळी दिसणार वीसेक ओळी, बाकीचा तक्ता वर-खाली अंधारात. साधा माणूस खालचा बाण दाबत दाबत पोचायचा. मी बाणाला हात लावत नव्हतो. कंट्रोल आणि एक अक्षर, की थेट तळाला. कंट्रोल आणि दुसरं, की पुन्हा माथ्यावर. बोटं अशी चालवायची की बघणाऱ्याला कोणती कळ दाबली ते कळू नये. कळ लपवली की तिची विद्या होते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि सगळ्यात वरचा चमत्कार म्हणजे मॅक्रो. एकदा कळा दाबून काम करून दाखवायचं. मशीन त्या कळा क्रमानं लक्षात ठेवतं. मग एक कळ दाबली की तेच काम ते स्वतःहून पुन्हा पुन्हा करत सुटतं. तुम्ही हाताची घडी घालून बसा.

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, याला हसत नव्हते आणि भारावतही नव्हते. त्यांची रीत ठरलेली होती. कोणतीही यादी झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ वहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्या यादीवर ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि जुळलं तर "हौ" म्हणायचं. "हौ" म्हटल्याशिवाय पट्टी खाली सरकायची नाही. दीडशे नावं, दीडशे वेळा हौ. उन्हाळ्याच्या दुपारी त्या हौ-हौनं झोप यायची. मी बाकीच्यांना म्हणायचो, "बडेबाबूंची भजनी मंडळी बसली."

आता त्या बाई. घाटापलीकडच्या शाळेवर शिकवायच्या. नवरा तिगावला रेल्वेच्या फाटकावर गेटमन. पाच वर्षांची मुलगी बापाजवळ, आणि बापाची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तीन वर्षं बाई एकच अर्ज करत होत्या: तिगावच्या शाळेवर घ्या. आमच्या संस्थेत बदल्या तीन वर्षांतून एकदाच व्हायच्या. त्या वर्षी अध्यक्ष झोपाळ्यावर बसून एकेका नावापुढं शाळा सांगत होते आणि बडेबाबू वहीत लिहून घेत होते. बाईंचं नाव आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "द्या बाप्पा तिगाव बाईले. दर सोमवारी दारात उभी राह्यते." मी तिथंच होतो. बाईंना ही बातमी मीच दिली. आपणच बदली दिल्याच्या थाटात दिली. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, पोरीचं नाव मी माझ्याच शाळेत घालतो आता."

या बाईंच्या नावात एक भानगड होती. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात. बाकीच्या शिक्षिका लग्न झाल्यावर नोकरीला लागल्या होत्या. या मात्र लग्नाआधी लागल्या. म्हणून संस्थेच्या वहीत वर माहेरचं पूर्ण नाव आणि खाली "उर्फ" लिहून सासरचं पूर्ण नाव. दीडशे जणांत एका ओळीत न मावणाऱ्या या एकट्या. मी तक्ता टाइप केला तेव्हा त्यांचं नाव दोन ओळींत बसवलं आणि विसरून गेलो.

मग मॅक्रो बनवला. एका फायलीत नावांचा तक्ता, त्यातला शेवटचा "नवी शाळा" हा रकाना रिकामा. दुसऱ्या फायलीत नुसत्या शाळा, नावांच्याच क्रमानं, एकाखाली एक. मॅक्रोनं करायचं काय, तर शाळांमधली वरची ओळ उचलायची, तक्त्यात यायचं, ओळीच्या शेवटी जाऊन चिकटवायची, एक ओळ खाली उतरायचं आणि पुन्हा दुसरी आणायला जायचं. मी गृहीत धरलं, एक ओळ म्हणजे एक माणूस.

हे मुकाट्यानं एकट्यानं केलं असतं तरी निभावलं असतं. पण मी अध्यक्षांना सांगितलं की बदल्यांची यादी मशीन आपोआप भरतं. त्यांनी पांढुर्ण्याहून दुसऱ्या संस्थेचे दोघं-तिघं बोलावले. सगळे अनवाणी माझ्या खुर्चीमागं. मी कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर शाळा धडाधड येऊन बसायला लागल्या.

"कोणी हात नाही लावून राह्यलं बे!" एक पाहुणा म्हणाला.

"हा लावते ना हात," अध्यक्ष म्हणाले, "पण मनातून लावते."

मी हसलो, आणि तेवढ्यात बाईंचं नाव आलं. वरच्या ओळीत तिगाव बसलं. ते बरोबर. मग मॅक्रो एक ओळ खाली उतरला, तो "उर्फ"वर. त्याला काय, ओळ म्हणजे माणूस. तिथंही त्यानं एक शाळा चिकटवली, ती खरं तर पुढच्या गुरुजींची होती. घाटापलीकडची. मी झटकन मॅक्रो थांबवला.

"काय झालं?" अध्यक्ष.

"काही नाही जी. मशीन थोडा दम खाऊन राह्यलं."

सगळे हसले. मला सुधारायचं काय होतं? एका बाईंपुढं दोन शाळा होत्या. त्यातली एक त्यांना ठेवायची, दुसरी उचलून खालच्या गुरुजींच्या ओळीत टाकायची आणि मॅक्रो पुढं सोडायचा. चार कळांचं काम. कोणती ठेवायची ते बडेबाबूंच्या वहीत होतं, आणि वही माझ्या कोपराजवळ उघडी होती. पण देवानं खाली वाकून पोथी पाहायची का भक्तांसमोर? मी पडद्याकडंच पाहिलं. खालच्या ओळीत सासरचं नाव होतं, ज्या नावानं सगळं ऑफिस बाईंना ओळखायचं तेच. माझ्या डोळ्याला तीच बाई वाटली. वरची माहेरची ओळ मेलेल्या माणसासारखी वाटली. बाईंना तिगाव मीच सांगितलं होतं, ते त्या थाटात ध्यानातही आलं नाही. मी वरच्या ओळीतलं तिगाव उचललं आणि गुरुजींना देऊन टाकलं. मॅक्रो पुन्हा सुटला, शेवटच्या नावापर्यंत सगळं अगदी चोख बसलं. एकही शाळा उरली नाही, एकही नाव रिकामं राहिलं नाही. टाळ्या झाल्या.

बडेबाबू दारातून म्हणाले, "एकदा वाचून घेऊ. मी वाचतो, तू पाह्य."

"बडेबाबू, मशीनचं काय वाचता?" मी म्हणालो. पाहुणे हसले. ते दारातूनच परत गेले.

त्याच दिवशी सही झाली. अध्यक्षांनी पहिली प्रत जामसांवलीला नेऊन मारुतीच्या पायाशी ठेवली, शेंदूर लावून आणली. मारुतीनंही वाचून घेतली नाही.

गुरुजी अविवाहित, कुठंही गेले तरी चालणारे. त्यांना तिगाव मिळालं. त्यांनी पेढे वाटले आणि कशाबद्दल काही विचारलं नाही. बाई चौथ्या दिवशी आल्या. हातात ऑर्डर. आवाज चढवला नाही. "सर, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, तिगाव म्हणून?"

बडेबाबूंनी वही आणली, अध्यक्षांसमोर उघडली. बाईंच्या नावापुढं स्वच्छ अक्षरात तिगाव, खालच्या गुरुजींपुढं घाटापलीकडची शाळा. यादीत उलटं. त्या दोन ओळी एकाखाली एक पाहिल्या आणि मला सगळं कळलं. माझी बोटं कुठं होती, मी काय उचललं, सगळं.

अध्यक्षांनी वहीकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं. चारचौघांत मशीनची आरती त्यांनी ओवाळली होती. "मले का दीडशे नावं पाठ राह्यतात? मी काय बोललो अन् यायनं काय लिवलं..." मग माझ्याकडं वळले. "काय रे, मशीन चुकते का कधी?"

"नाही जी," मी म्हणालो.

हे उत्तर खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच इतक्या सहज तोंडातून निघालं. मला विचारलं असतं, तू चुकतो का, तर कदाचित जीभ अडली असती. निदान असं मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच.

"मंग वहीच चुकली," अध्यक्ष म्हणाले. "बडेबाबू, वय झालं तुमचं. डोळे दाखवून या नागपूरले."

बडेबाबूंनी वही मिटली. बाईंनी ऑर्डरची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्या महिन्यापासून याद्या माझ्याकडं आल्या आणि बडेबाबू आवक-जावकच्या टेबलावर गेले, टपालावर शिक्के मारायला. तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. एकदा फक्त पाकिटं चिकटवता चिकटवता म्हणाले, "हुशार आहेस बे तू. पण वाचून घेत जाय." माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले असते तर मी रडलो तरी असतो. ते पाकिटाकडं पाहत होते.

बाई तीन वर्षं घाटापलीकडं राहिल्या. शनिवारी शाळा सुटली की छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं सौंसरला उतरायच्या, मग पांढुर्ण्याची बस, मग तिगावसाठी पॅसेंजर. बस यायला वेळ असला की आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायच्या. बडेबाबू त्यांना पाणी नेऊन द्यायचे. मी खिडकी लावून घ्यायचो, मशीनला धूळ लागते म्हणून. मुलगी तिगावच्या शाळेत गेली, त्याच अविवाहित गुरुजींच्या वर्गात. एकदा गुरुजी ऑफिसात आले आणि मोठ्या कौतुकानं सांगत होते, "बाईंची पोरगी पाढे खडखड म्हणते बरं. मी पाठ करून घेतले." बाई बाहेर बाकावरच होत्या. त्यांना ऐकू गेलं असेल. मी उठून पंख्याचा वेग वाढवला.

तीन वर्षांनी त्यांना तिगाव मिळालं. तोपर्यंत मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि आईशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायची, हे मला कुणीतरी सहज सांगितलं. मला तेव्हा प्रमोशन मिळालेलं होतं.

आता मी साठीला आलो. बडेबाबू गेले, त्यांच्या तेराव्याला मी जेवलो, पंगतीत वाढलंही. बाई निवृत्त होऊन पांढुर्ण्यात राहतात. मागच्या वर्षी बाजारात भेटल्या. मी त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेली. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मशीननं तीन वर्षं जंगलात ठेवलं होतं मला. जाऊ द्या, मशीनचा काय राग करायचा!" आणि हसल्या. मी पण हसलो. रिक्षा निघून गेली. त्या हसण्याची मला अजून किळस येते. माझ्या, त्यांच्या नाही.

तर हिशेब असा, की काही परत देता येणार नाही. मुलीची तीन वर्षं गेली, बडेबाबू गेले. पण बाईंच्या घरी जायचं राहिलं आहे. त्यांच्यासमोर बसून सांगायचं राहिलं आहे की वही बरोबर होती, मशीन बरोबर होतं, चूक माझी होती, आणि मला ती त्याच दिवशी कळली होती. मग बडेबाबूंच्या मुलांकडं जाऊन हेच पुन्हा सांगायचं आहे, कारण त्यांच्या वडिलांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. एवढं मी देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.