अकरा अडवलेली लायसन्सं

कोऱ्हाळे बुद्रुकची संजीवनी बारामतीजवळच्या एका भाजीपाला संघात माती तपासायची. तीन वर्षं झाली होती. तपासणी तिची, पण अहवाल कॉम्प्युटरवर चढवायची मुभा तिला नव्हती. संघानं सॉफ्टवेअरची पंचवीस लायसन्सं घेतली होती, एका नावाला एक, आणि "एकही शिल्लक नाही," हे मॅनेजरसाहेबांचं ठरलेलं उत्तर. म्हणून ती आकडे कागदावर लिहून द्यायची आणि ऑफिसातला लखन सवड मिळेल तसे ते चढवायचा.

एके दिवशी कळसच्या कुशाबाई आल्या त्या घेवड्याची उपटलेली रोपं घेऊनच. पानांच्या कडा करपलेल्या.

"पोरी, तुझ्या कागदावर जमीन चांगली हाय असं हुतं. समदा घेवडा बसला बघ."

संजीवनीनं वही उघडली. वहीत क्षार ३.२, घेवड्याला न सोसणारे; छापील अहवालात ०.३२. ती तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "तपासणीत चूक झाली असेल, मावशी. आम्ही हिला समज देतो."

संजीवनीच्या अंगाचा तिळपापड झाला. वही समोर उघडी असून साहेबांनी तिच्याकडं पाहिलंही नव्हतं.

लखन वरमला होता. कोणत्या लायसन्सवर कोण शेवटचं कधी काम करून गेलं, याची यादी त्यानं न मागता काढून दिली. पंचवीसपैकी अकरा नावांनी वर्षभरात सॉफ्टवेअर उघडलंच नव्हतं. काही बंद पडलेल्या इंदापूर शाखेतली माणसं, एक चेअरमनचा पुण्यात राहणारा भाचा युवराज, आणि एक झुंबरतात्या, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गोदामपाल.

ती स्कूटी काढून थेट कन्हेरीला, तात्यांच्या रानात गेली. तात्या टोमॅटो बांधत होते.

"माझ्या नावाचं लायसन? मला तर त्यो कॉम्प्युटर चालूबी करता येत न्हाय." मग सगळं ऐकून त्यांचा आवाज चढला. "मी घरी बसलोय आन माझ्या नावानं तुझी वाट अडवली व्हय? आन कागूद. लिहून देतो."

महिन्याच्या बैठकीत तिनं यादी, तात्यांचा कागद आणि वही संचालकांपुढं ठेवली.

साहेब म्हणाले, "नावं बदलायची प्रोसेस मोठी असते."

"दोन मिन्टाचं काम हाय, साहेब," लखन खाली मान घालून म्हणाला. "आन त्यो आकडा मीच चुकवला."

"तीन वर्सं मी मागत हुते," संजीवनी म्हणाली. "तुमी एकदा यादी बघितली असती, तर कुशाबाईंचं रान वाचलं असतं."

त्याच दिवशी तिला लायसन्स मिळालं. कुशाबाईंना द्यायच्या पत्रात मात्र साहेबांनी 'तांत्रिक कारणामुळे' असं घातलं. तिनं ते पत्र परत केलं. पुढच्याही पत्रात तेच होतं, तेही परत केलं. चौथ्या दिवशी 'तपासणी बरोबर होती, अहवाल चढवताना चूक झाली' असं लिहून सही झाली.

पत्र घेऊन ती स्वतः कळसला गेली. कुशाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"तुझी चूक न्हवती, ह्ये कळलं. पर माझ्या घेवड्याचं काय?"

संजीवनीनं त्या रानातली माती पुन्हा गोळा केली. दुसऱ्या दिवशी तो अहवाल तिनं आपल्या हातानं चढवला.

यादीतली दहा नावं निघाली. युवराजचं अजून आहे. प्रत्येक बैठकीत ती उभी राहून विचारते, आणि साहेब खिडकीबाहेर बघतात.