वरच्या पायरीवरचा हात

आमच्या गावात, आगाशीच्या थोडं पुढे, एक उघडं नाट्यगृह आहे. खाली दगडी रंगमंच आणि समोर अर्धगोलात चढत गेलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. पणजोबांच्या पिढीने बांधलं म्हणतात. गाव त्याला नुसतं ‘पायऱ्या’ म्हणतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे साखरपुड्यालासुद्धा माईक लागायचा, पायऱ्यांवरच्या नाटकाला मात्र नाही. माईक म्हणजे लबाडी, असं जुन्या मंडळींचं ठाम मत होतं.

त्यामुळे यात्रेच्या नाटकात काम हवं असेल तर आधी ‘आवाज द्यावा’ लागे. रविवारी सकाळी, समुद्रावरचा वारा सुटायच्या आत. एकेकाने रंगमंचावर उभं राहून एक वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी मागच्या खोलीत थांबायचं. सर्वांत वरच्या पायरीवर एकच माणूस बसे. ऐकू आलं की तो हात वर करी. हात झाला की नाही, ते ज्याचं त्याने मागे येऊन सांगायचं. खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण वर बसलेला माणूस गावचा मास्तर होता. म्हणजे माझे बाबा.

मला सलग दोन वर्षं त्यांनी हात केला नाही. घरच्या मुलीला सूट नाही, हे गावाला दाखवायची त्यांना भारी हौस, असं मी रागाने आईला म्हणायचे. तिसऱ्या वर्षी नाटकात राणीचं काम होतं आणि ते मला हवंच होतं. अख्खा पावसाळा मी केळीच्या वाडीत उभी राहून बोंबलले. शेजारच्यांनी कान किटल्याची तक्रारही केली.

पण त्या दिवाळीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत, आणि बाबा शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत. आईला विचारलं तर तिने विषय बदलला.

राणीच्या कामासाठी आम्ही दोघीच होतो. मी, आणि नालासोपाऱ्याहून नव्या इमारतीत राहायला आलेली एक मुलगी. माझा नंबर पहिला. रंगमंचावर उभी राहिले, वर पाहिलं. आणि काय सुचलं कोण जाणे, मी नुसते ओठ हलवले. घशातून आवाज काढलाच नाही.

बाबांनी लगेच हात वर केला.

मी मागच्या खोलीत गेलेच नाही. तरातरा पायऱ्या चढून त्यांच्याजवळ जाऊन बसले. “बाबा, मी बोललेच नव्हते,” मी कानाशी म्हटलं. एवढ्या जवळचं त्यांना ऐकू येत असे.

ते समोर बघतच म्हणाले, “कधीपासून कळलंय तुला?”

“दिवाळीपासून.”

“गावाला सांगू नकोस.” मास्तरांना अशा विनवणीच्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. एवढी बोंबलले, आणि माझा आवाज पोचतो की नाही ते सांगणारं वर कुणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात माझी वाट पाहून ती मुलगी खाली रंगमंचावर आली. घाबरलेली होती, ओढणीचं टोक मुठीत. तिने वाक्य म्हटलं. शब्द न् शब्द लख्ख वर आला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “पोचला?”

नाही म्हटलं असतं तर राणी मीच होते. माझा हात झाला होता, तो त्यांनी स्वतःच केला होता, आणि आम्हा दोघांशिवाय कुणालाच काही कळलं नसतं. खाली ती मुलगी वाट बघत उभीच.

मग मी बाबांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात वर केला.

ती उडी मारून मागे पळाली. माझा हात झाल्याचं मी मागे जाऊन सांगणारच नव्हते. मला तिचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त, आणि तरीही त्यांचं मनगट मी बराच वेळ सोडलं नाही.