मी सांगितलेला ऑपेरा

आईने माझ्याकडे न बघताच हात वर केला. थांब, अशा अर्थाचा तळहात. मी देवळीहून बसने भावाकडे आले होते, हातात तिच्यासाठी केलेल्या जवसाच्या चटणीचा डबा होता, आणि मी दारातच उभी राहिले. टीव्हीवर निळ्या पायघोळ झग्यातली एक भरल्या अंगाची गोरी बाई तोंड उघडून गात होती. तिच्यामागे रंगवलेली नदी. समोर पलंगावर आई आणि माझी भावजय खांद्याला खांदा लावून बसलेल्या. गाणं काही संपेना. संपलं तेव्हा आई म्हणाली, "आली का? बस." आणि लगेच भावजयीकडे वळून, "मंग? आता काय करते वं थे?"

भावजय म्हणाली, "थांबा आई, ताईंना पाणी देते."

"देजो मंग. आधी सांग."

पाणी मी माझ्या हाताने घेतलं. नंतर स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. ती भांडी घासून ठेवलेलीच होती.

आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नाही. वडील अबोल होते, भाऊ त्यांच्यावर गेला, मी सगळ्यांच्या वरताण. त्यामुळे आता जे लिहिते आहे ते मी कोणाजवळ बोलले नव्हते, यजमानांजवळसुद्धा नाही. मला माझ्या भावजयीचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे कधीमधी नाही. सोयाबीन निवडताना, वर्गात शिकवताना, रस्त्याने चालताना, कधीही मनात यायचं: आता त्या दोघी काय बघत असतील?

सुरुवात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झाली. भाऊ सावंगीला राहतो, दवाखाना तिथेच, म्हणून ऑपरेशननंतर आई त्याच्याकडे राहिली. भावजय नर्सिंग शिकवते. तिच्या ओळखीतले एक म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन गाव सोडून चालले होते, त्यांनी जाताना तिला एक खोकं दिलं. खोकंभर ऑपेरे, म्हणजे सगळी गोष्ट गाण्यातच सांगणारे विलायती खेळ, सीडीवर उतरवलेले. परदेशातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांत चित्रित केलेले, घरी बसून बघायचे. दुसऱ्या कोणी ते भंगारात दिलं असतं. भावजयीने टीव्हीला प्लेअर जोडला आणि आईला म्हणाली, "बघायचं का? कंटाळा आला तर बंद करू."

कंटाळा आलाच नाही. भावजय कारंज्याची. तिच्या वडिलांचा हायवेवर ढाबा होता, आणि लहानपणी ट्रकवाल्यांच्या टेपवर पंजाबी, तमिळ, तेलुगू, जे लागेल ते तिने ऐकलेलं. भाषा कळली नाही की माणूस बिचकतो, ते तिला माहीतच नव्हतं. खाली इंग्रजी ओळी यायच्या. आईचे डोळे अधू, शिवाय ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली, इतकं भराभर इंग्रजी वाचणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून त्या दोघींनी एक रीत पाडली. एक प्रवेश संपला की भावजय सीडी थांबवायची, काय झालं ते सांगायची, आणि मग आई तेच आपल्या शब्दांत परत सांगायची. शाळेत मुलांकडून धडा वदवून घ्यायची तसं, फक्त इथे मास्तरीण स्वतःच वदायची. "म्हंजे थो राजा बयताड हाये. बायको समोर उभी हाये, अन् हा विचारून राह्यला का बायको कुठी हाये." भावजय हसून लोळायची.

गायकांना तर त्या शेजाऱ्यांसारखं ओळखायच्या. "आज ढोल्या नाई का वं?" "नाही आई, यात तो लांब नाकाचा आहे." "थो बरा गाते. पण त्याले रडता येत नाई."

मी हे ऐकायचे आणि मला ते टोचायचं. कारण माझ्याबरोबर आई अशी कधी हसली नव्हती. मी तिच्याच शाळेत शिकले, तिच्याच वर्गात. शाळेत तिला 'आई' म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचं, असा तिचा कडक नियम. एकदा चुकून तोंडातून आई निघालं तर तिने मला अख्खा तास उभं ठेवलं. घरी आल्यावरही पुष्कळदा माझ्या तोंडून बाईच निघायचं आणि तीही ओ द्यायची. रागवायची नाही, मारायची नाही, पण आमच्यात टेबल असायचं. लाकडाचं टेबल नसलं तरी असायचं. भावजयीसाठी ते टेबल कोणी उचललं, कधी उचललं, हे मला कळलं नाही. मी मुलगी. ती कालपरवा आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला देवळीला घेऊन आले. मनात पक्कं होतं, आता तिला परत पाठवायची नाही. निदान होळीपर्यंत तरी. नंतर पुढचं बघू. तिच्यासाठी खालची खोली लावली, कमोडची सीट आणली, आणि टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून एक जुना प्लेअर मिळवला. सावंगीहून निघताना भावजय ड्युटीवर होती. मी खोक्यात हात घातला आणि एक सीडी उचलली. तिला विचारलं नाही. आवरणावर दवाखान्याच्या धुलाईखान्याचा फोटो होता: ओळीने कपडे धुण्याची मशीन, पांढऱ्या कोटातल्या बायका, चादरींचे ढीग. नाव कुठल्यातरी परक्या भाषेत. मला वाटलं, हे नवीन दिसतं, त्या झग्यांपेक्षा वेगळं. आईने बघितलेलं नसणार.

हे ऑपेरावाले काय करतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाणी, शब्द, सूर सगळं जुनंच ठेवतात, आणि गोष्ट मात्र भलत्याच ठिकाणी मांडतात. राजवाड्यातली गोष्ट कारखान्यात नेतात, जंगलातली हॉटेलात. एकच ऑपेरा दहा जागी दहा तऱ्हेने. त्या खोक्यातही तसे जोड होते, एकच ऑपेरा दोन तऱ्हांनी केलेला.

आम्ही दुपारी बसलो. यजमानही थोडा वेळ बसले. "ह्या बायका भांडून राह्यल्या का गाऊन राह्यल्या?" म्हणाले, आणि बाजारात निघून गेले.

गोष्ट अशी होती. एक म्हातारी, नदीवर नाव चालवणाऱ्या कुळातली. तिचा मुलगा लढाईवर गेलेला. घरात म्हातारी, सून आणि एक मोलकरीण. एक पैसेवाला व्यापारी सुनेच्या मागे लागतो, माझ्याबरोबर शहरात चल म्हणतो. सून नाही म्हणते, म्हातारीजवळ राहते, आणि शेवटी आपल्या हाताने वल्हं धरते. पण हे सगळं धुलाईखान्यात चाललेलं. नाव म्हणजे चादरी वाहून नेणारी चाकाची गाडी. नदी म्हणजे जमिनीवर पसरत गेलेल्या चादरी. मी नववीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे खालच्या ओळी मला सगळ्या कळत होत्या. मला काहीच अडचण नव्हती, हे मुद्दाम लिहून ठेवते.

पहिला प्रवेश मी बरोबर सांगितला. मग पडद्यावर त्या सुनेने सासूचे केस विंचरले. आई पुढे झुकली, तिचा चेहरा मऊ झाला. ते मला बघवलं नाही.

"ही सून आहे," मी म्हटलं. "आतून वेगळीच आहे. तिला म्हातारीचं घर पाहिजे."

"हाव?"

"हो. ती म्हणते, म्हातारी गेली की सगळं माझंच."

एकदा जीभ सुटल्यावर थांबता येईना. व्यापाऱ्याला ती 'मी येणार नाही' असं गात होती, मी सांगितलं की भाव वाढवते आहे. आणि कोपऱ्यात ती मोलकरीण होती, चादरींच्या घड्या घालता घालता एक छोटंसं गाणं म्हणणारी, गावाकडच्या आठवणीचं. तिला मी मुलगी करून टाकली. "ही म्हातारीची मुलगी. लांब दिलेली. आईसाठी जीव तुटतो तिचा, पण ही सून तिला जवळ येऊ देत नाही. म्हणून ती कोपऱ्यात काम करते." मला स्वतःला खरंच वाटायला लागलं होतं, त्या मुलीची मला कीव आली.

आई एकेक प्रवेश ऐकत होती. परत काही सांगत नव्हती. मी समजले, गोष्ट तिच्या जिवाला लागली आहे.

शेवटी सून चादरींच्या त्या गाडीपाशी एकटी उभी राहते. वाद्यं थांबतात. मोठं गाणं सुरू व्हायचं असतं. त्या शांततेत आईने गुणगुणायला सुरुवात केली. गायिकेने तोंड उघडण्याआधी. आई महिला मंडळात वर्षानुवर्षं गायलेली, वय झालं तरी सूर पक्का. तिने सूर लावला आणि मग टीव्हीतल्या बाईने तोच सूर उचलला. दोघी बरोबर चालल्या, चढल्या, उतरल्या. म्हणजे हा ऑपेरा तिने आधी बघितला होता.

गाणं संपल्यावर आई म्हणाली, "तवा नदी होती. आता चादरी हायेत. चांगलं केलं. आमच्या गावच्या दंडारीच्या नाटकात लुगडं आडवं धरलं का नदी होये, तसंच." मग थोडं थांबून, "थे कोपऱ्यातली पोरगी मोलकरीण हाये ना वं?"

तेव्हा खरं बोलले असते तर निभावलं असतं. मी म्हटलं, "नाही गं. तुला वाटतं तसं. यांची सगळी गाणी सारखीच असतात. ही वेगळी गोष्ट आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघायची तसं नाही. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"असंल बापा," ती म्हणाली. "तू इंग्रजीची मास्तरीण."

दिवाळी झाली आणि आईने सावंगीला जायचं काढलं. "गुडघा दाखवाचा हाये." मी म्हटलं, इथून दाखवायला नेईन. "काऊन तरास घेतं? तिकडं दवाखाना दाराशीच हाये." खालची खोली तशीच राहिली. भाऊ गाडी घेऊन आला, भावजय पुढे बसली होती, ती उतरून मागे आईजवळ जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. त्या दोघींचं आधीच काहीतरी सुरू झालं होतं.

तेव्हापासून मी सावंगीला गेले की काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरातच राहते. सीडी लागली की भाजी निवडायला घेते. आईने कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, एवढी एक गोष्ट तिने आपल्यापाशी ठेवली आहे, फक्त तिच्या आणि माझ्यात. लाजिरवाणी असली तरी आमच्या दोघींची. खरं सांगायचं तर त्याचाही मला आधार होता.

यंदा उन्हाळ्यात भावजय आजारी पडली. काविळीने पार खंगली. शाळेला सुट्टीच होती, मी आठवडाभर तिच्याकडे राहिले. एका संध्याकाळी तिच्यासाठी उसाचा रस गाळत होते, ती बाजूला स्टुलावर बसलेली, पिवळे डोळे, बारीक झालेला चेहरा. बाहेरच्या खोलीत आई एकटीच टीव्हीसमोर होती, सांगायला कोणी नाही म्हणून नुसतंच ऐकत. मला ते सहन झालं नाही. मी भावजयीला सगळं सांगून टाकलं. धुलाईखाना, घराचा लोभ, मोलकरणीची केलेली मुलगी. गाळणी हातात धरून, तिच्याकडे न बघता.

ती म्हणाली, "माहीत आहे ताई."

"काय माहीत आहे?"

"आईंनी देवळीहून दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. सगळं. परत सांगायची सवय ना त्यांना."

मी गाळणी खाली ठेवली. रस ओट्यावर सांडला. इतके दिवस मी जे जपलं, तेही त्या दोघींनी मिळूनच बघितलं होतं. प्रवेश, पात्रं, सगळं. माझं खोटंसुद्धा आईने तिलाच नेऊन दिलं होतं. अपराधीपणा वाटायला हवा होता, आणि वाटलाही, पण आधी जे वर आलं ते हेच, जुनं, आंबट. आजारी बाईसमोर उभी राहून मला तिचा हेवा वाटला.

"हसलात का मला?" मी विचारलं.

"मी हसले थोडी. मुलगी केली ना तुम्ही तिला, त्याला." ती श्वास घ्यायला थांबली. "आई नाही हसल्या. म्हणाल्या, माह्या पोरीनं थे मुलीचं मनानं नाई जोडलं, थे खरंच हाये. आणि फोन ठेवून दिला."

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. तिने माझा हात धरला, घट्ट नव्हे, तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. आम्ही तशाच राहिलो. तिला रडू आलं की मला, ते सांगता येत नाही, कोणीतरी नाक ओढलं.

बाहेर गाणं थांबलं होतं. आईची हाक आली, "काय बोलून राह्यल्या वं दोघी? मलेबी सांगा ना."

भावजयीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःही लगेच उत्तर दिलं नाही. आई बाहेर वाट बघत होती, आणि आत आम्ही दोघी होतो. ते मला आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. मग रसाचा पेला भावजयीच्या हातात दिला आणि सांगायला बाहेर गेले.