जावयाच्या भरावावर पाणी

समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी ही बातमी सकाळी विहीणबाईंच्या, म्हणजे जावयाच्या आईच्या, कानात घातली, आणि दुपारपर्यंत ती सगळ्या गल्लीची झाली. सासरा म्हणे रोज पहाटे पाइप घेऊन जावयाच्या प्लॉटवर येतो आणि पायाच्या जागेत पाणी सोडतो. का? तर घर उभंच राहू नये म्हणून!

"जावई पसंत नव्हताच त्यांना," बाई म्हणाल्या. "लग्नातसुद्धा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड होतं."

आता तोंड त्याचं जन्मापासूनच तसं, त्याला कोण काय करणार!

हा सासरा माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. तीस वर्षं त्याने लोकांच्या पायाखालची माती डब्यात भरून आणली, तोलली, भट्टीत सुकवली, पुन्हा तोलली. ऑफिसात त्याला 'ढेकूळ' म्हणत. साहेबांच्या बंगल्यावर चहाला गेला, तर कप उचलायच्या आधी त्याने कुंडीतली माती मुठीत दाबून पाहिली होती.

आणि अशा माणसाचं स्वतःचं घर? दिव्याखाली अंधार. तरुणपणी घाईघाईत बांधलेलं, माती बघायला सवड कुणाला होती! अर्धं घर बुजवलेल्या खड्ड्यावर आलं. तो अर्धा भाग हळूहळू खचला, उरलेला जागच्या जागी राहिला, भिंतीला तिरकी चीर गेली आणि मुलीच्या खोलीचं दार खांदा लावल्याशिवाय लागेना. पोरगी त्या दाराशी कुस्ती खेळतच मोठी झाली.

तिच्या प्लॉटच्या मागच्या बाजूलाही नेमका एक खड्डा निघाला. ठेकेदाराने त्यात चार फूट माती एका दिवसात ओतली, वरून रोलर फिरवला आणि सोमवारी काँक्रीट म्हणून जाहीर करून टाकलं. वरून भराव फरशीसारखा टणक. सासऱ्याने रविवारी पहारीने दोन फूट खाली जाऊन तळाशी एक लहानसा खळगा केला. निघालेली माती तोलली आणि खळग्यात मापाची कोरडी वाळू ओतली. वाळू किती मावली त्यावरून खळगा केवढा ते कळतं, आणि त्यावरून माती किती घट्ट आहे ते. जास्तीत जास्त जितकी दाबता येते, त्याच्या पंच्याऐंशी टक्के भरली. हवी होती पंच्याण्णव.

"स्वयंपाकघर खाली जाईल," तो म्हणाला, "आणि पुढची खोली जागेवर राहील."

"बाबा," जावई म्हणाला, "आधी तुमच्या घरचं दार लागू द्या, मग आमच्या पायात डोकं घाला."

ठेकेदार खो खो हसला. सासऱ्याने पहार उचलली आणि फाटकाकडे निघाला. दार खरोखरच लागत नव्हतं.

मुलगी तेवढी हसली नाही. फाटकापाशी तिने त्याला गाठलं. "खरं सांगा बाबा, आपल्या घरासारखं होईल?"

"होईल."

"त्या बाजूचे खांब खोल नेले तर?"

"कठीण थरापर्यंत नेले तर खांब राहतील. फरशी मात्र भरावाबरोबर खाली जाईल. माती काढा, वीत वीत थर घाला, एकेक दाबून तपासा. पंधरा दिवस लागतील."

ती तशीच मागे वळली. "अहो, त्या दाराला मी वीस वर्षं खांदा लावलाय. इथे नाही लावणार. उद्याचं काँक्रीट थांबवा."

"पंधरा दिवस," जावई म्हणाला. "सोळावा मागायचा नाही."

पहिला थर पडला. रोलर आठ वेळा फिरला. सत्त्याऐंशी! सासऱ्याने मूठभर माती दाबून मूठ उघडली, तर साखरेसारखी सांडली. पाणी मारा म्हटलं तर ठेकेदार म्हणे, "चिखल होईल, मी मारणार नाही." म्हणून तो स्वतःच पहाटे यायला लागला. उन्हाच्या आत पाणी मुरायला हवं, नऊला रोलर यायचा.

मग ती बातमी जावयापर्यंत पोचली. तिसऱ्या पहाटे तो चोर पकडायला आल्यासारखा फाटकात उभा.

"काय चाललंय, बाबा?"

"हात पुढे करा." सासऱ्याने त्याच्या तळव्यावर माती ठेवली. "दाबा. उघडा."

घट्ट गोळा झाला होता.

"मोडा."

गोळ्याचे दोन स्वच्छ तुकडे पडले. "पाणी मारायच्या आधी हीच माती सांडत होती. दाणे एकमेकांना अडून बसले की सरकत नाहीत. थोडी ओल मिळाली की जागा देतात. जास्त झाली तर मात्र पाणीच जागा अडवतं, रोलरखाली माती गादीसारखी हलते."

जावई नऊ वाजले तरी तिथून हलला नाही. रोलर फिरल्यावर खळग्यात वाळू त्यानेच ओतली आणि काट्यावर डोळे लावून बसला. शहाण्णव.

"उद्या पाइप मी धरतो," तो म्हणाला. "तुम्ही मूठ बघा."

गॅलरीतल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी दोघांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, आता जावयालाही नादी लावलं!"

चौदाव्या दिवशी शेवटचा थर पास झाला. पंधराव्या दिवशी काँक्रीट पडलं.

माती कोरडी होती. कोरडी माती नीट दबत नाही. म्हणून तो पाणी घालत होता.